शिस्त समितीवर बिनविरोध

बास्केटबॉलशी माझा संबंध एवढाच, की शाळेच्या मैदानावर जो लोखंडी खांब असतो त्याला आम्ही सायकली टेकवायचो. वर कडं असतं आणि कड्याला जाळी असते, हे पुष्कळ नंतर कळलं. आमच्या वेळी जाळी कुणी लावलीच नव्हती. मी मंचरला एका पतसंस्थेत हिशेब लिहितो. खेळ म्हणून काही पाहिलं असेल तर यात्रेतले कुस्त्यांचे हगामे आणि घाटातले बैलगाडे. तरीही आमच्या मंडळाने उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या पोरांसाठी बास्केटबॉलच्या स्पर्धा घ्यायच्या ठरवल्या, तेव्हा शिस्त समितीवर माझी निवड बिनविरोध झाली. आदल्या वर्षी एका पोराने पंचाला ढकललं होतं आणि भांडण मैदानातून एसटी स्टँडपर्यंत गेलं होतं. अध्यक्षांचं म्हणणं पडलं, या वेळी सगळं लेखी पाहिजे. लेखी म्हटल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. समितीत आम्ही तिघे. एकाची चाकणला कंपनीत शिफ्ट. दुसरे म्हणाले, "अण्णा, तुम्ही लिहा, मी सही करतो." समिती म्हणजे मी एकटाच, हे मला तिथे कळलं.

पहिला मसुदा पाठकोऱ्या कागदावर एका बैठकीत उरकला. कलम एक: गैरवर्तन करणाऱ्या खेळाडूवर ३ वर्षांची बंदी. कलम दोन: समितीचा निर्णय अंतिम राहील. तीन वर्षांचा आकडा मी शेजारच्या खेड तालुक्यातून उचलला होता. राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे म्हणजे आमच्याकडे घरचा पैलवान. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात त्याने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली, त्याच वर्षी नोव्हेंबरात धाराशिवला पुन्हा उचलली. मग २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या आखाड्यात गादी गटाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने त्याला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. शिवराजचं म्हणणं, पाठ पूर्ण टेकलीच नाही. वाद वाढला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच दिवशी किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड काही सेकंद उरले असताना पंचांवर चिडून आखाडा सोडून निघून गेला. कुस्तीगीर संघाने दोघांनाही ३ वर्षांसाठी निलंबित केलं. राज्याच्या संघाला जो आकडा चालला तो आमच्या मंडळाला का चालू नये? क्रीडाशिक्षकांनी मसुदा उभ्या उभ्या वाचला आणि विचारलं, "बंदी कशातून?" मी म्हटलं, खेळातून. ते म्हणाले, "खेळ आपल्या मालकीचा आहे का? राज्य संघाने निलंबित केलं की संघाच्या सगळ्या स्पर्धांचं दार बंद होतं. आपण फार तर या मैदानाचं दार बंद करू. तेही मैदान शाळेचं आहे. आणि त्याला दार नाही."

शिवाय पोरं सतरा वर्षांखालची. सोळाव्या वर्षी तीन वर्षं बाहेर बसवलं तर गटातून वयानेच बाद. ती तीन वर्षांची नव्हे, कायमची बंदी झाली. ही गोष्ट मला कुणी शिकवायला नको होती. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या आणि १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी दिली, तोवर आमच्या भागातले घाट ओस पडले होते. मधल्या साडेसात वर्षांत, जे खोंड लोकांनी पोटच्या पोरासारखे सांभाळले होते, ते गाड्याला न जुंपताच म्हातारे झाले. ती बंदी एकट्यादुकट्याची नव्हती, सगळ्या खेळाची होती. शेवटचा निकाल तर १८ मे २०२३ ला आला. पण बैलाचं वय कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही आणि पैलवानाचंही नाही. पंचविशीतल्या मल्लाची तीन वर्षं आणि माझ्यासारख्या कारकुनाची तीन वर्षं यांचा भाव एक कसा असेल? मी कलम एकवर काट मारली. आता मसुद्यात फक्त समितीचा निर्णय अंतिम राहील एवढंच उरलं होतं, आणि निर्णय कशाबद्दल ते लिहिलेलं नव्हतं.

सरांनी मला मैदानावर बोलावलं. म्हणाले, शिक्षा लिहिण्याआधी गुन्हा कशाला म्हणतात ते बघा. पोरांचा सराव चालू होता. मी वही उघडून बसलो आणि शिट्टी वाजली की नाव टिपायला लागलो. थोड्याच वेळात दहापैकी आठजण माझ्या वहीत गुन्हेगार ठरले होते. सर हसले. फाउल म्हणजे गुन्हा नव्हे. अंगाला अंग लागलं, हात आडवा घातला, की वैयक्तिक फाउल, गुणपत्रिकेवर त्याचं अक्षर पी. आंतरराष्ट्रीय नियमांत असे पाच फाउल एका खेळाडूला पदरचे असतात, पाचव्याला तो बाहेर बसतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चांगला खेळाडू ते हिशेबाने खर्च करतो. ही भाषा माझ्या ओळखीची होती. म्हणजे ही ओव्हरड्राफ्टची मर्यादा! दुसरं अक्षर टी, टेक्निकल. त्याला मी वहीत 'तोंडाचा फाउल' असं लिहिलं, कारण पंचाशी हुज्जत, शिवी, चेंडू आपटणं, वेळ काढणं हे सगळं त्यात बसतं. अंगाला अंग लागायची गरज नाही. तिसरं यू, म्हणजे चेंडू खेळायचा सोडून माणूस खेळणं. टी आणि यू मिळून दोन झाले की मैदानाबाहेर. चौथं डी, म्हणजे एकाच फटक्यात बाहेर, आणि बाहेर म्हणजे बाकावर नव्हे, कपडे बदलायच्या खोलीत नाहीतर थेट फाटकाबाहेर. "आपल्याकडे कपडे बदलायची खोली कुठली?" असं मी विचारलं. सरांनी पाण्याच्या टाकीमागे बोट दाखवलं.

एवढं झाल्यावर मला वाटलं, आता पुरे. पण पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा पुतण्या सुट्टीला आला होता, त्याच्या मोबाईलवर पहाटे अमेरिकेतला बास्केटबॉल चालतो. तो म्हणाला, "काका, पी-टी-यू-डी ही मॅचमधली शिक्षा. तुम्हाला मॅच संपल्यानंतरची लिहायचीय. ती एनबीएकडून शिका." एनबीए म्हणजे तिकडची पगारी खेळाडूंची लीग. तिथला एक नियम ऐकून माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. मोसमात साखळीचे ८२ सामने. त्यात टेक्निकल फाउल मोजत जायचे. सोळावा झाला की एका सामन्याची बंदी, बिनपगारी, आणि पुढे दर दोन टेक्निकलला आणखी एक सामना. बिनपगारी म्हणजे किती? वीसपेक्षा कमी सामन्यांची बंदी असेल तर दर सामन्यामागे वर्षाच्या पगाराचा १४५ वा हिस्सा कापतात. मी बसल्या जागी एका खेळाडूचं गणित केलं. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन, पगार सव्वादोन कोटी डॉलरच्या घरात. डिसेंबर २०२३ मध्ये त्याने युसुफ नुर्किचच्या तोंडावर फटका मारला आणि लीगने त्याला बेमुदत घरी बसवलं. ती बेमुदत पुढे बारा सामन्यांची भरली. दर सामन्याला दीड लाख डॉलरच्या वर, म्हणजे आपले सव्वा कोटी. मला हे तंत्र फार आवडलं. मी उत्साहाने कलम लिहिलं: प्रत्येक टेक्निकल फाउलला आर्थिक दंड. पुतण्याने वाचून विचारलं, "नारायणगावच्या त्या पोराचा १४५ वा हिस्सा कशातून कापणार, वडापावातून?"

पैसे कापायचे नाहीत तर सामने कापायचे, एवढी दिशा मिळाली. आता किती, हा प्रश्न. त्यासाठी पुतण्याने मला १९ नोव्हेंबर २००४ चं भांडण दाखवलं आणि ते मी त्या रात्री परत परत पाहिलं. डेट्रॉइट पिस्टन्स विरुद्ध इंडियाना पेसर्स, डेट्रॉइटजवळचं मैदान. सामन्यात मिनिटसुद्धा उरलेलं नाही आणि इंडियाना पंधरा गुणांनी पुढे. म्हणजे निकाल लागलेलाच. इंडियानाच्या रॉन आर्टेस्टने डेट्रॉइटच्या बेन वॉलेसला जोराचा फाउल केला. वॉलेसने त्याला दोन्ही हातांनी ढकललं. दोन्हीकडचे धावले. आणि आर्टेस्ट काय करतो, तर गुणलेखकाच्या टेबलावर उताणा झोपतो. कानाला समालोचकाचे हेडफोन लावून. मला वाटलं, चला, थंड डोक्याचा गडी आहे. तेवढ्यात प्रेक्षकांतून कुणीतरी शीतपेयाचा पेला फेकला, तो नेमका त्याच्या अंगावर. गडी उठला आणि खुर्च्या तुडवत थेट प्रेक्षकांत घुसला आणि त्याने एका माणसाला धरलं. भलत्याच माणसाला. पेला फेकणारा शेजारीच होता.

पुढची हाणामारी सांगण्यात अर्थ नाही, यात्रेत ज्याने तंबू कोसळताना पाहिलाय त्याला ती ठाऊक आहे. मला रस होता तो शिक्षेच्या तक्त्यात. नऊ खेळाडूंना मिळून १४६ सामने. एकट्या आर्टेस्टला मोसमाचे उरलेले सगळे, साखळीचे ७३ आणि बाद फेरीचे १३, एकूण ८६. पगारातले जवळजवळ ५० लाख डॉलर गेले. त्याचा जोडीदार स्टीफन जॅक्सनला ३०. जर्मेन ओनीलला २५. ज्याच्या ढकलण्यातून ठिणगी पडली त्या वॉलेसला ६. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांना पत्रकारांनी विचारलं, निर्णय एकमताने झाला का? ते म्हणाले, हो, एक विरुद्ध शून्य. हे ऐकून मला धीर आला. माझीही समिती एका माणसाची होती.

पण तक्त्यात पुढे एक ओळ होती. ओनीलचे २५ चे १५ झाले. कसे? खेळाडूंची संघटना लवादाकडे गेली, लवादाने कागद पाहिले, बाजू ऐकली आणि दहा सामने कमी केले. म्हणजे त्या एक विरुद्ध शून्यच्या वरही कुणी बसलेलं होतं. पुतण्याने आणखी एक जुनं प्रकरण काढलं. १ डिसेंबर १९९७, वॉरियर्सच्या सरावात लॅट्रेल स्प्रीवेलने आपल्याच प्रशिक्षकाचा, पी. जे. कार्लेसिमो यांचा, गळा धरला. क्लबने करार मोडला, लीगने वर्षभर हाकललं. तेही प्रकरण लवादाकडे गेलं. करार परत जिवंत झाला आणि बंदी त्या मोसमापुरती, ६८ सामन्यांची राहिली. मला आधी हे पटेना. गुरूचा गळा धरणाऱ्याला सूट? आमच्या तालमीत असं झालं असतं तर वस्तादांनी लवाद नेमला नसता. पण दोन दिवस डोक्यात तेच घोळत राहिलं. लवादाने गळा धरणं बरोबर आहे असं म्हटलंच नव्हतं. एकाच कृत्याला दोन वेगवेगळ्या मालकांनी दोनदा मारू नये, आणि शिक्षा ठरवताना आधीच्या शिक्षांशी ताडून बघावी, एवढाच त्याचा रोख मला दिसला. पतसंस्थेत थकबाकीदाराला सुद्धा आपण नोटीस काढतो, मुदत देतो, सुनावणी ठेवतो. आणि माझ्या मसुद्यात एकच वाक्य धडधाकट उरलं होतं: समितीचा निर्णय अंतिम राहील.

त्याच नादात १९७७ सालापर्यंत मागे गेलो आणि तिथे मला हसू राहिलं नाही. ९ डिसेंबर १९७७. लॉस एंजेलिस लेकर्सच्या कर्मिट वॉशिंग्टनने हाणामारी चालू असताना, भांडण सोडवायला धावत येणाऱ्या रुडी टॉमजॅनोविचच्या तोंडावर ठोसा मारला. टॉमजॅनोविचच्या चेहऱ्याची हाडं मोडली, जीवावर बेतलं. शिक्षा: ६० दिवस, म्हणजे २६ सामने, आणि १०,००० डॉलर दंड. ज्याच्या ठोशाने माणूस मरता मरता वाचला त्याला २६ आणि प्रेक्षकांत घुसला त्याला ८६. मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून बराच वेळ बघत बसलो. सत्तावीस वर्षांत काळ बदलला हे खरं, पण मला त्यात आणखी एक दिसतं. खेळाडूने खेळाडूला मारलं तर लीगचा माणूस दुखावतो. खेळाडूने तिकीटवाल्याला मारलं तर लीगचा गल्ला दुखावतो. हे माझं, एका कारकुनाचं, मत. जन्मठेप मात्र त्यांनी सट्ट्यासाठी दिलेली दिसते: १९५४ मध्ये जॅक मोलिनास, आणि थेट १७ एप्रिल २०२४ ला टोरांटोचा जॉन्टे पोर्टर, ज्याने स्वतःच्या दुखण्याची खबर सट्टेबाजांना पुरवली आणि त्यांच्या सोयीने सामना अर्धवट सोडला. दोघांनीही कुणाला बोट लावलं नव्हतं. आमच्या स्पर्धेत सट्टा कोण लावणार, म्हणून ते कलम मी लिहिलं नाही. सर म्हणाले, "लिहा. टपरीवर बैलगाड्यावर लावतात, कुस्तीवर लावतात, इथे का नाही?" लिहिलं.

भारतातलं एखादं प्रकरण मिळावं अशी माझी इच्छा होती. व्यावसायिक बास्केटबॉल आपल्याकडे टिकलाच कुठे? यूबीए नावाच्या लीगमध्ये पुणे पेशवाज नावाचा संघ होता हे मला पुतण्याकडून कळलं आणि संघ कुठे खेळतो असं विचारेपर्यंत ती लीग बंद पडलेलीही कळली. सापडला तो पंजाबचा सतनाम सिंग. सात फुटांहून उंच. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला निवडलं तेव्हा एनबीएच्या निवडीत नाव आलेला तो पहिला भारतीय. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत तो अडकला, आणि सुनावणीनंतर राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या शिस्त मंडळाने त्याला २ वर्षं बंद केलं. मग तो गडी काय करतो, तर अमेरिकेत जाऊन टीव्हीवरच्या कुस्त्या खेळायला लागतो. मी कुस्ती सोडून बास्केटबॉलकडे आलो होतो आणि हा बास्केटबॉल सोडून कुस्तीकडे गेला. मला वाटलं आमची वाटेत गाठ पडायला हवी होती.

स्पर्धेच्या तोंडावर गुणलेखक आजारी पडला आणि ते कामही माझ्याकडे आलं. "अण्णांचा हिशेब चुकत नाही," अध्यक्ष म्हणाले. नेमकी आदल्या रात्री पुतण्याने मला मायामी-अटलांटाची गोष्ट सांगितली होती. १९ डिसेंबर २००७ चा सामना. शकील ओनील हा मायामीचा डोंगराएवढा खेळाडू. एनबीएत पाच नव्हे, सहा फाउलला बाहेर. टेबलावरच्यांनी त्याचे सहा मोजले आणि तो गेला. खरे झाले होते पाच. मायामीने तक्रार केली, लीगने ती मानली, अटलांटाला ५०,००० डॉलर दंड केला आणि सांगितलं, जिथे चूक झाली तिथून पुढचे ५१.९ सेकंद पुन्हा खेळा. ते ८ मार्च २००८ ला खेळले. तोवर शकील फीनिक्सच्या संघात गेला होता. ज्याच्यासाठी सामना परत भरवला तो माणूसच नाही, आणि त्या उरलेल्या वेळात गुणही कुणी केला नाही. हे ऐकून मी टेबलावर दोन पेन, एक पेन्सिल, एक खोडरबर आणि प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे मोजायला पाच पाच शेंगदाणे घेऊन बसलो. फाउल झाला की एक शेंगदाणा बाजूला. पद्धत निर्दोष होती, पण मध्यंतरात शेजारी बसलेल्या वेळ-अधिकाऱ्याने घोडेगावच्या संघाचे निम्मे फाउल खाऊन टाकले.

नियमपत्रक मात्र तोवर बरं झालं होतं, असं मला वाटतं. डी लागलेल्या खेळाडूला पुढचा एक सामना आपोआप बंदी; पंचाला हात लावला तर किमान दोन; त्याहून जास्त द्यायची असेल तर आधी खेळाडूचं म्हणणं ऐकायचं, आणि निर्णय मान्य नसेल तर मुख्याध्यापकांकडे दाद मागायची. 'अंतिम राहील' हे शब्द मी काढले. सामन्याच्या निकालाबद्दल तक्रार असेल तर सामना संपल्यापासून पंधरा मिनिटांत कर्णधाराने गुणपत्रिकेवर सही करायची. ही आंतरराष्ट्रीय नियमातली तरतूद सरांनी सांगितली. पंधरा मिनिटं का, एक दिवस का नाही? "एक दिवस दिला तर तक्रार कर्णधार करत नाही, त्याचा मामा करतो."

आणि मग ते घडलंच. जुन्नरकडच्या संघाचा एक पोरगा, हातात विलक्षण कला, त्याला पंचांनी शेवटच्या मिनिटात यू दिला. पोराने चेंडू पंचांच्या पाठीवर मारला. डी. बाहेर. संघ एका गुणाने हरला. शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून, आम्ही सुनावणी घेतली. पोराचे वडील टोमॅटोच्या गाडीवरून तसेच आले होते. मी विचारलं, तुला काय सांगायचंय? तो म्हणाला, "मी त्याला लागलोच नव्हतो, अण्णा." आणि कुणाच्या तरी मोबाईलमधलं चित्रण दाखवलं. खरंच लागला नव्हता. निदान मला तरी तसं दिसलं.

इथे मला अहिल्यानगर आठवलं. त्या कुस्तीबद्दल टपरीवर जेवढ्या चर्चा मी ऐकल्या, आणि केल्या, त्या सगळ्यांत एकच गल्लत होती. पाठ टेकली की नाही, हा एक प्रश्न. लाथ मारली की नाही, हा दुसरा. शिवराजची बाजू घेणारे पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावायचे: पाठ टेकली नव्हती, म्हणजे लाथ ठीक. विरोधातले उलटं करायचे: लाथ मारली, म्हणजे पाठ टेकलीच असणार. मी दोन्ही बाजूंनी बोललेलो आहे, समोर कोण बसलंय त्यावर अवलंबून. एनबीएने २०१५ पासून यावर एक तोडगा काढलाय. अटीतटीच्या सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांतला पंचांचा प्रत्येक निर्णय दुसऱ्या दिवशी तपासून जाहीर करतात: हा बरोबर, हा चूक. निकाल मात्र बदलत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार वाटला होता. त्या वर्गात, पोराच्या समोर बसल्यावर, तसं वाटलं नाही. मी पत्रावर दोन वेगळी वाक्यं लिहिली. यू देण्याचा निर्णय चित्रणात चुकीचा दिसतो, याची नोंद पंचांना कळवण्यात येत आहे. पंचांवर चेंडू मारल्याबद्दल खेळाडूवर दोन सामन्यांची बंदी. वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि मान हलवली. मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं, तेवढ्यात पोराने विचारलं, "कुठले दोन सामने? आमची टीम तर हरली, बाद झाली ना."

हे कलमात नव्हतं. पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, पुढच्या मोसमात भोगायची. मेम्फिसच्या जा मोरँटने समाजमाध्यमावर बंदूक मिरवली म्हणून जून २०२३ मध्ये २५ सामने दिले, तेव्हा मोसम संपलेला होता, ते त्याने पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला काढले. मी तसं लिहायला घेतलं. सर म्हणाले, पुढच्या वर्षी हा सतराच्या वर जातो. शेवटी तोडगा पोरानेच सुचवला: उरलेल्या दोन सामन्यांना तो माझ्या शेजारी गुणपत्रिकेवर बसेल. बंदी म्हणून ही शिक्षा कुठल्या नियमात बसते मला माहीत नाही. त्याचा एकही फाउल चुकला नाही आणि त्याला शेंगदाणे लागले नाहीत.

अंतिम सामन्यात कुणा खेळाडूने आवाजसुद्धा चढवला नाही. पुढच्या रांगेतल्या खुर्चीवरून एक गृहस्थ मात्र पहिल्या मिनिटापासून पंचांच्या आईबहिणीची विचारपूस करत होते आणि तिसऱ्या सत्रात त्यांनी पाण्याची बाटली फेकली. पंच खेळ थांबवून टेबलाकडे आले. म्हणाले, शिस्त समिती कोण? मी पत्रक उघडलं. खेळाडू होता, प्रशिक्षक होता, सट्टा होता, प्रेक्षक कुठेच नव्हता. डेट्रॉइटचा तो पेला रात्र रात्र पाहूनही मला ते सुचलं नव्हतं; तिकडे पेला फेकणाऱ्याला पिस्टन्सच्या घरच्या सामन्यांना येण्याची कायमची मनाई झाली होती, हे मी स्वतः वहीत टिपलेलं. एवढंच नव्हे, २९ एप्रिल २०१४ ला एनबीएने वर्णद्वेषी बोलण्याबद्दल चक्क एका संघाच्या मालकाला, डोनाल्ड स्टर्लिंगला, तहहयात बंदी आणि २५ लाख डॉलर दंड केला होता, तेही त्याच वहीत होतं. सगळे दाखले हाताशी असताना मी खुर्चीवरून उठलो आणि त्या गृहस्थांजवळ गेलो. अध्यक्षांनी मागून माझा शर्ट ओढला. करंडक त्या गृहस्थांच्या वडिलांच्या नावाचा होता, मंडपही त्यांचाच, आणि बक्षीस वितरण त्यांच्या हस्ते. मी त्यांना विचारलं, "साहेब, चहा घेणार?" ते म्हणाले, बिनसाखरेचा.